पलटणीची वाकळ

पायाला प्लास्टर घालून मी उत्तरेतल्या एका मिलिटरी हॉस्पिटलात सात आठवडे पडून होतो. शेजारच्या खाटेवर आमच्याच पलटणीतला, खटाव तालुक्यातला जवान. सुरुंगात त्याचा उजवा पाय घोट्यापासून गेलेला. मेडिकल बोर्ड होऊन तो घरी जाणार, हे ठरल्यात जमा होते. कुणाशी बोलायचा नाही. ताट यायचे तसेच परत जायचे.

त्या दिवसांत एका जुन्या पुस्तकात मी प्रायव्हेट टॉमस वॉकरचे चित्र पाहिले. ब्रिटिशांच्या ९५व्या पलटणीचा हा शिपाई १८५४ साली क्रिमियात, इंकरमनच्या लढाईत डोक्याला जबर जखम होऊन परतला. टॉमस वूड या चित्रकाराने त्याला इस्पितळाच्या खाटेवर बसलेला रंगवला आहे. हातात बंदूक नाही, सुई आहे. गणवेशाच्या कापडाचे तुकडे जोडून तो चादर शिवतो आहे.

अशा चादरी हिंदुस्थानातल्या छावण्यांतही झाल्या. १८६४ ते १८७७ या काळात इथे असलेल्या फ्रान्सिस ब्रेली नावाच्या साध्या शिपायाने शिवलेली एक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. दुपारच्या उन्हात बॅरॅकमध्ये कोंडलेला गोरा शिपाई दारू आणि जुगाराकडे वळू नये, म्हणून वरिष्ठ शिवणकामाला उत्तेजन देत. सगळ्या चादरी जखमींनीच केल्या असे मात्र नाही. फार नेटके काम दिसले की पलटणीचा शिंपी आठवावा.

नवशिक्याला हे जमायचे कारण कापडात होते. गणवेशाची लोकर दाट, दाबून घट्ट केलेली. कापली तरी सूत सुटत नाही. त्यामुळे कड दुमडायची गरज नाही. काठाला काठ भिडवायचा आणि वरून आडवे टाके घालायचे. आत कापूसही नको. लाल अंगरखा, आणि कॉलर-बाह्यांना पलटणीप्रमाणे पिवळे, हिरवे, निळे, पांढरे कापड. रंग आयतेच मिळत.

आम्ही तेच केले. कंडम झालेली ब्लँकेटे आणि पोरांचे जुने अंगोला शर्ट मागवले. जुन्या एक्स-रे फिल्मचा चार इंची चौकोन कापून तोच साचा केला. आठ ओळी, ओळीत सहा तुकडे, म्हणजे ४८. सुईदोरा आपल्या किटमधलाच. त्या पुडक्याला फौजेत ‘हाउसवाइफ’ का म्हणतात ते तेव्हा कळले. अंगोलाचे सूत थोडे सुटते, म्हणून तिथे टाके दाट घ्यावे लागले.

माझी पहिली ओळ पार वाकडी गेली. चार दिवस तो नुसता बघत होता. पाचव्या दिवशी म्हणाला, ‘‘उस्ताद, द्या हिकडं. आमची आय बघंल तर हसंल.’’ मग ओळ उसवून त्याने नव्याने घातली. त्या रात्री ताट रिकामे गेले.

शेवटचे तुकडे कंपनीतल्या पोरांनी एकेक टाका घालून जोडले. निरोपाच्या दिवशी ती चादर त्याला दिली. घरी भिंतीवर लाव, म्हणून वर दोरीसाठी पट्टीही शिवली होती.

दोन महिन्यांनी त्याचा फोन आला. आईने भिंतीवरून काढली होती. ‘‘वाकळ काय भितीला टांगत्यात व्हय रं?’’ म्हणाली, आणि खाली जुन्या लुगड्याचा थर घालून धावदोरा टाकायला बसली.