पंगतीतील डावा हात

ताट वाढण्याचे शिक्षण मराठी घरात मुलीला, आणि पंगतीत वाढण्याचा प्रसंग आला म्हणजे मुलालाही, फार लवकर मिळते. वर मध्यभागी मीठ. त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मध्ये भाताची मूद व तिच्यावर वरण. या रचनेला आपण 'डावी बाजू' व 'उजवी बाजू' म्हणतो. ती इतकी अंगवळणी पडलेली असते की ती कोणाच्या सोयीने ठरली असेल, हा प्रश्नच मनात येत नाही. उत्तर मात्र ताटातच आहे. जे पदार्थ पुन्हा पुन्हा व अधिक प्रमाणात घ्यावयाचे ते उजव्या हाताखाली, आणि जे बोटाच्या टोकाने तोंडी लावावयाचे ते पलीकडे. ताट हे उजव्या हाताच्या मनुष्यासाठी मांडलेले आहे. दर दहा माणसांत साधारणतः एक डावखुरा असतो, असे आजचे अभ्यास सांगतात. त्या दहाव्या मनुष्याचे पंगतीत काय होत आले, आणि विशेषतः मराठी माणूस आपला मुलूख सोडून माळव्यात राहावयास आल्यावर काय झाले, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

मराठ्यांचा अंमल माळव्यात अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थिर होऊ लागला. मल्हारराव होळकरांच्या मागोमाग शिलेदार आले, कमाविसदार आले, फडावरचे कारकून आले, भिक्षुक आले. अहिल्याबाईंच्या काळी राजधानी महेश्वरास होती; १८१८ च्या मंदसोरच्या तहानंतर ती इंदुरास आली आणि दक्षिणी कुटुंबांची वस्ती येथे दाट झाली. ही मंडळी बरोबर देव्हारा घेऊन आली, मोडी दप्तरे घेऊन आली, तशीच जेवणाची रीतही घेऊन आली. केळीचे पान माळव्यात कोकणासारखे सुलभ नव्हते. त्याच्या जागी पळसाच्या पानांची पत्रावळ आली. केळीच्या पानाला अग्र असते व ते जेवणाऱ्याच्या डावीकडे करावयाचे असते. पत्रावळ वाटोळी, तिला डावे-उजवे नाही. तरीही चटणी पत्रावळीच्या डावीकडेच पडत राहिली.

या रीतीच्या मुळाशी जी कल्पना आहे ती नीट पाहिली पाहिजे. 'डावा हात अपवित्र' एवढे म्हणून भागत नाही. शौचासाठी डावा हात वापरला जातो म्हणून तो अन्नास लावावयाचा नाही, हे कारण सर्वत्र सांगितले जाते आणि ते खरेही आहे. परंतु पंगतीत त्याहून सूक्ष्म असा दुसरा एक विचार काम करीत असतो. जेवू लागताच उजवा हात उष्टा होतो. त्या क्षणापासून पाण्याचे भांडे उचलणे, तुपाची वाटी पुढे सरकविणे, शेजाऱ्यास काही देणे ही सारी कामे त्या हाताला बंद होतात आणि ती डाव्या हाताकडे येतात. म्हणजे भोजनाच्या वेळी स्वच्छ हात डावा असतो! उजवा हात स्वतःच्या ताटापुरता आणि डावा हात सर्वांच्या भांड्यांसाठी, अशी ही कामाची वाटणी आहे. येथेही एकवाक्यता नाहीच. नुसत्या डाव्या हाताने पाणी पिण्याचा निषेध स्मृतिग्रंथांत आढळतो, आणि व्यवहारात आपल्याकडे फुलपात्र बहुधा डाव्या हातानेच उचलले जाते. शास्त्र आणि उष्ट्याची चाड यांचा असा कलह झाला की घराघरांत विजय चाड मिळविते.

याच वाटणीतून पोळी एका हाताने मोडण्याचा नियम निघाला. डावा हात पोळीस लावला की तोही उष्टा झाला, मग पाणी कोणी घ्यावे? दक्षिणी मुलास अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत पोळीचा तुकडा तोडण्याची कला लहानपणीच साधावी लागते. माळव्यात मात्र त्याने पाहिले ते वेगळेच. उत्तरेकडील पुष्कळ घरांत रोटी दोन्ही हातांनी तोडतात आणि त्यात कोणास काही गैर वाटत नाही. आणि येथील खास जेवण म्हणजे दाल-बाफले. कणकेचा गोळा आधी पाण्यात उकडावयाचा, मग शेणींच्या निखाऱ्यांवर भाजावयाचा; असा टणक पदार्थ एका हाताच्या चिमटीस दाद देईल कसा? तो दोन्ही हातांनी फोडावा, कुस्करावा, वर तूप व डाळ घालावी आणि मग उजव्या हाताने खावा. माळवी यजमानाच्या घरी प्रथमच जेवावयास बसलेल्या दक्षिणी गृहस्थाची स्थिती कल्पनेने पाहावी. डावा हात मांडीवर ठेवून तो एका हाताने बाफल्याशी झुंजतो आहे, आणि यजमानास वाटते आहे की पाहुण्यांना पदार्थ आवडलेला दिसत नाही.

हा नियम सर्व मराठी माणसांचा होता, असेही समजू नये. भाकरी कुस्करून दूध-आमटीत कालवणारा, कांदा बुक्कीने फोडणारा शिलेदार या चिमटीच्या कलेत फारसा अडकला नसावा. आणि स्वतः होळकर हे नीरेकाठच्या होळ गावचे धनगर. ज्याला आपण 'मराठी पंगत' म्हणतो तिचे पुष्कळसे नियम ब्राह्मणी घरांतले आहेत. पेशवाईत त्यांना दरबारी प्रतिष्ठा मिळाली. सवाई माधवरावांच्या १७८३ मधील लग्नासाठी नाना फडणिसांनी केलेली बंदोबस्ताची याद प्रसिद्ध आहे. भोजनाची व्यवस्था हा राज्यकारभाराचाच एक भाग मानला जात होता, हे तिच्यावरून दिसते. ती प्रतिष्ठा अंगावर घेऊन जी कुटुंबे माळव्यात आली त्यांनी ती पुण्यापेक्षाही अधिक जपली, असे माझे मत आहे. देशावर राहणाऱ्याला आपण कोण हे रोज सिद्ध करावे लागत नाही. परमुलखात भाषा हळूहळू हिंदीशी मिसळते, पोशाख बदलतो, सकाळच्या पोह्यांबरोबर जिलेबी येऊन बसते. मग दक्षिणीपणाची खूण म्हणून जी थोडी वळणे उरतात त्यांवर सारा भार पडतो. पोळी एका हाताने मोडणे ही तशी खूण झाली. आणि त्या खुणेचा सर्वांत मोठा दंड घरातल्या डावखुऱ्या मुलाने भरला.

भाषेने त्याची बाजू कधीच घेतलेली नाही. 'उजवा' या शब्दाचे नाते 'ऋजु' म्हणजे सरळ या शब्दाशी सांगतात. व्रताचे उद्यापन केले की ते 'उजवते', मुलीचे लग्न झाले की ती 'उजवली'. उलट, एखाद्याला बाजूस सारले की आपण त्याला 'डावलतो', आणि पंक्तिप्रपंच केला की 'डावे-उजवे' करतो. पण जरा मागे गेले की शब्दच साक्ष फिरवितात. 'सव्य' म्हणजे उजवे, योग्य, असे आज आपण समजतो. संस्कृतात सव्य म्हणजे डावे! अमरकोशात शरीराच्या डाव्या भागास सव्य व उजव्यास अपसव्य म्हटले आहे, आणि अर्जुन सव्यसाची ठरला तो डाव्या हातानेही बाण सोडतो म्हणून. जानवे नेहमी डाव्या खांद्यावर असते, ती स्थिती 'सव्य'. पितृकार्यात ते उजव्या खांद्यावर घेतात, ती 'अपसव्य'. नित्याची स्थिती ती शुभ, म्हणून सव्य शुभ. आणि शुभ ते उजवे, म्हणून सव्य उजवे, असा हा अर्थ उलटला असावा. जेवणानंतरची वामकुक्षी मात्र कोणी उजव्या कुशीवर नेली नाही, हे डाव्या बाजूचे नशीबच म्हणावयाचे.

एकोणिसाव्या शतकात इंदुरात तिसरी एक भोजनपद्धती आली, ती रेसिडेन्सीतून. १८८२ पासून डेली कॉलेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत मध्य भारतातील राजकुमार शिकू लागले, आणि दरबारी मंडळींस साहेबांच्या मेजावर बसण्याचे प्रसंग येऊ लागले. त्या मेजावर सुरी उजव्या हातात व काटा डाव्या हातात धरावयाचा. आणि घास तोंडात जातो तो काट्याने. ज्या हाताला अन्नापासून दूर ठेवण्यात सारे बाळपण गेले, त्याच हाताने घास घ्यावयाचा! काटा मध्ये असतो, हात अन्नास लागत नाही, असे समाधान करता येते. शरीराचे वळण असल्या युक्तिवादाने बदलत नाही. १८८८ मध्ये विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींनी आत्मकथेत लिहिले आहे की काटे-चमचे वापरता येत नसल्याने व कोणते पदार्थ निरामिष हे विचारण्याचे धैर्य नसल्याने ते बोटीवर मेजावर गेलेच नाहीत, आपल्या खोलीतच बरोबरची मिठाई व फळे खात राहिले. याच गांधींनी १९०९ मध्ये परतीच्या बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिताना उजवा हात थकला तेव्हा काही पृष्ठे डाव्या हाताने लिहिली. हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून ते १९१८ व १९३५ अशा दोन वेळा इंदुरास आले होते. लेखणी धरणाऱ्या त्यांच्या डाव्या हाताचे कौतुक झाले. पंगतीत तोच हात पुढे आला असता तर कौतुक झाले असते का, कोण जाणे.

उलट दिशेने आलेल्या पाहुण्याचेही एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. इंदुरापासून सुमारे ३५ किलोमीटरवरील देवासच्या थोरल्या पातीचे राजे तुकोजीराव पवार यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या अखेरीस आले, व पुढे १९२१ मध्ये त्यांचे खाजगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. त्या काळची त्यांची पत्रे 'द हिल ऑफ देवी' या १९५३ च्या पुस्तकात आहेत. लग्नाच्या एका मेजवानीचे वर्णन त्यांत फार बारकाईने आले आहे : पाय नसलेल्या खुर्चीसारख्या बैठका, समोर जमिनीपासून बोटभर उंच पाट, त्यावर धातूचे ताट, ब्राह्मणांस वेगळे वाढपी, आणि प्रत्येक पाहुण्याच्या जागेभोवती भुईवर काढलेली नक्षी. पाहुण्यास ती शोभा वाटली असेल. आपल्याला तिचा अर्थ ठाऊक आहे. श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी नसते, मंगलकार्याच्या ताटाभोवती असते. ताटात काय कोठे आहे याचा नकाशा देण्याचाही फॉर्स्टर यांनी प्रयत्न केला आहे. परक्याच्या ध्यानात आले ते एवढेच की या ताटाला भूगोल आहे.

पाहुण्यास चूक माफ असते. घरच्या मुलास ती नसते. डाव्या हाताने घास उचलताच हातावर चापट, पाटीवर डाव्या हाताने अक्षर काढताच छडी, कोठे कोठे हात बांधून ठेवणे, हे प्रकार पिढ्यान्‌पिढ्या झाले. ते केवळ मराठी घरांत झाले असेही नाही. इंदुरातील दाऊदी बोहरा कुटुंबांत एका मोठ्या थाळाभोवती सारे मिळून बसतात, मीठ चाखून आरंभ करतात आणि जो तो आपल्या समोरचे खातो. तेथे सर्वांचे अन्न एकाच पात्रात असल्याने उजव्या हाताचा नियम अधिकच कडक. फ्रान्समधील रॉबेर हेर्त्झ यांनी १९०९ च्या आपल्या प्रबंधात असे प्रतिपादिले की उजव्या हाताचे श्रेष्ठत्व निव्वळ शरीररचनेने सिद्ध होत नाही. पवित्र आणि अपवित्र हा समाजाच्या मनातील भेद देहावर उमटतो व तो शिकवून पक्का केला जातो. आपल्या पंगतीने या मताला भरपूर पुरावा दिला असता. मैदानावर हीच माणसे वेगळी वागत. इंदूरचे मुश्ताक अली उजव्या हाताने फलंदाजी करीत, १९३६ मध्ये मँचेस्टरला परदेशातील पहिले भारतीय कसोटी शतक त्यांनीच काढले; आणि गोलंदाजी मात्र ते डाव्या हाताने करीत. प्रेक्षकांत कोणी त्यांना हात बदलावयास सांगितल्याचे ऐकिवात नाही.

आता, वाटणीचेच तत्त्व खरे मानले तर डावखुऱ्याने ती उलटी करण्यास काय हरकत होती? डाव्याने जेवावे, उजवा पाण्यासाठी स्वच्छ ठेवावा. उष्ट्याची चाड तेवढीच राहते. शौचाची अडचणही तशीच उलटविता येते. खरी अडचण पंगतीची आहे. रांगेत खेटून बसलेल्या माणसांत एकाचा डावा कोपर शेजाऱ्याच्या उजव्या कोपरास लागतो, वाढपी एका ठरावीक क्रमाने येतो, आणि ताटावर हात आडवा नेल्यावाचून भाजी सापडत नाही. म्हणजे अडचण धर्माची म्हणून सांगितली गेली, ती बरीचशी बैठकीची होती.

प्रस्तुत लेखक डावखुरा आहे. लिहितो उजव्या हाताने, कारण शाळेने दुसरा मार्ग ठेवला नाही. घरात मात्र एक चुलतआजी होत्या, सोवळ्याओवळ्याच्या अतिशय कडक. त्यांनी मला जेवताना कधी मारले नाही. पंगत मांडताना माझा पाट त्या रांगेच्या अगदी डाव्या टोकाला, भिंतीलगत टाकीत, म्हणजे कोपर कोणास लागत नसे. आणि वाढताना माझे ताट आरशात दिसावे तसे वाढीत, भाजी डावीकडे, चटणी-कोशिंबीर उजवीकडे. कोणी हसले तर म्हणत, "त्याची उजवी तिकडे आहे." मीठ तेवढे सर्वांच्या ताटात असते तेथेच, वर मध्यभागी पडत असे.