मेंदूचे विरळा दाहविकार : प्रतिमांवरून यंत्रसाह्य निदान

मेंदू, मज्जारज्जू व दृष्टितंत्रिका यांवर शरीराचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याने उद्भवणाऱ्या विरळा दाहविकारांचे निदान, चुंबकीय अनुस्पंदनाने (एमआरआय) घेतलेल्या प्रतिमा व त्या वाचण्यास शिकविलेली संगणकीय आज्ञावली यांच्या साह्याने करण्याची रीत. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका, मॉग-प्रतिपिंडजन्य विकार, सुझॅक लक्षणसमूह इत्यादी रोग या वर्गात मोडतात. त्यांपैकी पहिल्याची कैफियत सर्वांत बोधप्रद असल्याने येथे मुख्यतः तीच घेतली आहे.

फ्रान्समधील ल्यों येथील वैद्य यूजीन डेव्हिक यांनी १८९४ मध्ये डोळे व मज्जारज्जू या दोहोंना ग्रासणाऱ्या या रोगाचे वर्णन केले खरे. पण पुढे दीर्घकाळ बहुतेक तज्ज्ञ त्यास मल्टिपल स्क्लेरोसिसचीच शाखा समजत राहिले. २००४ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या व्हँडा लेनन व त्यांच्या सहकाऱ्यांना रुग्णांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिपिंड आढळला, आणि दुसऱ्याच वर्षी त्याचे लक्ष्य पेशींत पाण्याची ने-आण करणारे ॲक्वापोरिन-४ हे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा कोठे या रोगाचे कूळ निराळे मुक्रर झाले. हा भेद नुसत्या नामावलीचा नव्हे. मल्टिपल स्क्लेरोसिसवर दिली जाणारी इंटरफेरॉन-बीटा, नॅटालिझुमॅब यांसारखी औषधे डेव्हिकच्या रोगात अपायकारक ठरू शकतात, आणि या रोगाच्या एकाच झटक्यात दृष्टी किंवा पायांतील बळ कायमचे जाण्याची भीती असते.

प्रतिमेतील खुणा जाणत्या नजरेस पुष्कळ काही सांगतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मेंदूतील पोकळ्यांच्या कडेला, त्यांच्याशी काटकोन करून, लंबगोल पांढरे डाग उमटतात व त्यांतील अनेकांच्या मधोमध बारीकशी शीर दिसते; डेव्हिकच्या रोगात आरंभी मेंदू बहुधा निर्मळ, पण मज्जारज्जूतील डाग तीन किंवा अधिक मणक्यांइतका लांब असतो. मेंदूच्या बुडाशी, चौथ्या पोकळीच्या तळाला दाह झाला तर रुग्णाला दिवसचे दिवस उचक्या व ओकाऱ्या लागतात आणि तो बिचारा पोटाच्या डॉक्टरांचे उंबरठे झिजवीत राहतो. मॉग-विकारातील डाग पुष्कळदा मागमूस न ठेवता नाहीसे होतात, सबब प्रतिमा केव्हा घेतली यास महत्त्व येते.

आज्ञावली प्रथम डागांच्या सीमा आखते (या कामी २०१५ मध्ये फ्रायबुर्ग विद्यापीठात रचलेली यू-नेट ही रचना सर्वत्र रूढ झाली आहे) व मग त्यांचे आकारमान, स्थान व पोत यांवरून रोगाची शक्यता वर्तविते. परंतु यंत्र दाखल्यांवरच शिकते, आणि विरळा रोगाचे दाखले मुळातच थोडे. एका रोगाच्या प्रतिमा एका रुग्णालयातून व दुसऱ्याच्या दुसरीकडून आल्या, तर रोगाऐवजी रुग्णालयातील यंत्राचीच खूण पाठ करून ते बेलाशक बरोबर उत्तरे देऊ लागते. न्यूमोनियाच्या क्ष-किरण चित्रांबाबत असला प्रकार २०१८ मध्ये अमेरिकेत उघडकीस आला होता. म्हणून परक्या रुग्णालयातील प्रतिमांवर पारख झाल्यावाचून अशा आज्ञावलीवर भिस्त ठेवणे युक्त नव्हे. रुग्णांचे दप्तर जागच्या जागी ठेवून शिकलेले गुणांक तेवढे संस्थांमध्ये फिरविण्याची योजना ही दाखल्यांच्या टंचाईवरील एक तोड होय. भारतात आणखी एक पेच आहे : येथे मेंदूतील डाग क्षयाच्या गाठीचा किंवा पट्टकृमीच्या कोशाचाही असू शकतो, आणि युरोपीय प्रतिमांवर पोसलेल्या आज्ञावलीस त्यांची ओळख बेताचीच असते.

२०१५ च्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार प्रतिपिंड सापडलेल्या रुग्णात एक प्रमुख लक्षण व इतर रोगांचा निरास एवढ्यावर डेव्हिकच्या रोगाचे निदान होते. तेथे यंत्राचे काम रक्ततपासणीची सूचना वेळीच करण्यापुरते. प्रतिपिंड न सापडल्यास प्रतिमेविषयीच्या अटी अधिक कडक आहेत, व आज्ञावलीची गरजही तेथेच अधिक. पण तिला शिकविण्यासाठी निवडलेल्या अशा दाखल्यांवर लिहिलेले रोगाचे नावच पुष्कळदा वादग्रस्त असते.