दुकानातील कॅमेरा आणि त्याच्या साक्षीचे मोल

दुकान, पेढी, उपाहारगृह किंवा गोदाम येथे सीसीटीव्ही कॅमेरे बसविणारा व्यावसायिक त्यांच्याकडून प्रामुख्याने दोन अपेक्षा ठेवतो. कॅमेरा पाहून चोर माघारी फिरावा, ही पहिली. आणि तरीही चोरी झालीच, तर ती कोणी केली हे कळावे, ही दुसरी. पहिली अपेक्षा अंशतःच पूर्ण होते. दुसरी पूर्ण होऊ शकते. मात्र ती कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा त्यामागील व्यवस्थेवर अधिक अवलंबून असते आणि नेमके तिकडेच अनेकदा दुर्लक्ष होते.

कॅमेऱ्यांमुळे गुन्हे किती घटतात, याविषयीच्या ४० वर्षांच्या संशोधनाचा आढावा एरिक पिझा, ब्रँडन वेल्श, डेव्हिड फॅरिंग्टन आणि अमांडा थॉमस यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. कॅमेरे असलेल्या भागांत गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. वाहनतळांवर हा परिणाम ठळक होता. हिंसक गुन्ह्यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसला नाही. हा आढावा मुख्यतः परदेशांतील सार्वजनिक जागांचा असला, तरी केवळ कॅमेरा टांगल्याने दुकान सुरक्षित होत नाही, एवढा बोध त्यातून निश्चितच होतो.

कॅमेऱ्याचा खरा उपयोग घटनेनंतर सुरू होतो. ग्राहकाने पाचशेची नोट दिली की दोनशेची, माल उतरवताना किती पोती आली, गल्ल्यातील तूट कोणाच्या वेळेत पडली, असे वाद चित्रीकरण पाहून मिटू शकतात. यात मालकाइतकाच लाभ नोकराचाही आहे. संशय प्रथम त्याच्यावरच येतो आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचे दुसरे साधन त्याच्याजवळ बहुधा नसते.

अशी नोंद वेळीच जपली गेली नाही, तर काय होते, हे वाराणसी येथील एका प्रकरणावरून दिसून येते. तेथील एका हॉटेलमध्ये फेब्रुवारी २०१० मध्ये इटलीच्या एका पर्यटकाचा मृत्यू झाला. त्याच्यासोबत उतरलेल्या दोन इटालियन प्रवाशांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. आपण त्या पहाटे वाराणसीची सकाळ पाहण्यासाठी बाहेर गेलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. हॉटेलमध्ये कॅमेरे होते. म्हणजे हे म्हणणे खरे की खोटे, ते चित्रीकरणावरून ठरू शकले असते. तपास अधिकाऱ्याने ते पाहिले, परंतु ते न्यायालयासमोर आलेच नाही. सत्र न्यायालयाने दिलेली जन्मठेप अलाहाबाद उच्च न्यायालयाने कायम केली. अखेर २० जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांची निर्दोष मुक्तता केली. उपलब्ध असलेला सर्वोत्तम पुरावा सादर न करणे हे सरकार पक्षाच्या विरोधात जाते, असे न्यायालयाने म्हटले. मृत्यू आणि सुटका यांमध्ये जवळपास पाच वर्षे गेली होती.

नोंद नष्ट होण्यासाठी कोणी ती पुसावी लागत नाही. कॅमेऱ्यांची चित्रे डीव्हीआर किंवा एनव्हीआर या यंत्रातील हार्ड डिस्कवर साठतात आणि डिस्क भरली, की नवी चित्रे जुन्यांवर आपोआप लिहिली जातात. एक कॅमेरा सेकंदाला २ मेगाबिट इतकी माहिती पाठवीत असेल, तर दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा लागते. चार कॅमेऱ्यांसाठी ८६ गिगाबाइटहून अधिक. म्हणजेच १ टेराबाइटची डिस्क अकरा-साडेअकरा दिवसांत भरते. महिनाअखेरीस मालाची मोजणी करताना तूट लक्षात आली, तर पहिल्या पंधरवड्यातील चित्रीकरण तोपर्यंत नाहीसे झालेले असते. डिस्क घेताना दुकानदाराने हा हिशेब करणे आवश्यक आहे. आंध्र प्रदेशच्या २०१३ च्या सार्वजनिक सुरक्षाविषयक कायद्याने गर्दीच्या आस्थापनांना कॅमेरे बसवून ३० दिवसांचे चित्रीकरण ठेवण्याचे बंधन घातले. बँकांच्या लॉकर कक्षांसाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकाद्वारे ही मुदत किमान १८० दिवस ठरविली.

चित्र साठले, तरी चेहरा ओळखता आला पाहिजे. अनोळखी व्यक्तीची ओळख पटविण्यासाठी दृश्याच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे २५० चित्रबिंदू असावेत, असा युरोपीय मानकातील संकेत आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडवे १,९२० चित्रबिंदू असतात. त्यामुळे साडेसात मीटरहून अधिक रुंद जागा एकाच कॅमेऱ्यात घेतल्यास माणूस दिसतो, पण कोण ते सांगता येत नाही. छताला चिकटवलेल्या कॅमेऱ्यात टोप्या आणि केस तेवढे दिसतात. शटरच्या दिशेने रोखलेल्या कॅमेऱ्यात बाहेरच्या उजेडामुळे आत येणाऱ्याचा चेहरा काळा पडतो. यंत्रातील घड्याळ दहा मिनिटे पुढे-मागे असेल, तर आरोपीच्या वकिलाला आयताच मुद्दा मिळतो.

न्यायालयात मूळ यंत्राऐवजी चित्रीकरणाची प्रत द्यायची असेल, तर सोबत प्रमाणपत्र लागते. हा प्रश्न जालन्यातील एका निवडणूक वादात निर्णायकपणे सुटला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाले होते की नाही, यासाठी निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रीकरणाचा आधार घेण्यात आला होता. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसाठी प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले; सर्व प्रयत्न करूनही ते मिळालेच नाही, तर पक्षकाराला सवलत दिली. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. दुसरा भाग तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात नोंदीचे हॅश मूल्य, म्हणजे त्या संगणकीय नोंदीचा जणू अंगठ्याचा ठसा, द्यावा लागतो. फाइलमध्ये किंचितही फेरफार झाला, की हे मूल्य बदलते. त्यामुळे भ्रमणध्वनीवर पडद्याचे चित्रण करून ते पुढे पाठविणे, ही सर्रास दिसणारी पद्धत तपासाला दिशा देण्यापुरतीच उपयोगी आहे.

कॅमेरा कोठे असू नये, यालाही महत्त्व आहे. एप्रिल २०१५ मध्ये गोव्यातील कांदोळी येथील एका वस्त्रदालनातील कॅमेऱ्याचा रोख कपडे बदलण्याच्या खोलीकडे असल्याची तक्रार झाली आणि ते प्रकरण देशभर गाजले. स्त्रीच्या खासगी क्षणांचे चित्रण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार पहिल्या दोषसिद्धीलाच एक ते तीन वर्षे कारावासाची तरतूद आहे.

कॅमेरा स्वतःही असुरक्षित असू शकतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक संगणक प्रणालीने इंटरनेटला जोडलेले असंख्य कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्यासाठी कारखान्यातून आलेल्या, कधीच न बदललेल्या सुमारे ६० सांकेतिक शब्दांच्या जोड्या तिला पुरेशा ठरल्या. भारतात विक्रीस येणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी एप्रिल २०२५ पासून सुरक्षा चाचणी सक्तीची झाली आहे. दुकानांतून आधीच बसलेल्या कॅमेऱ्यांचा सांकेतिक शब्द बदलण्याचे काम मात्र मालकाकडेच राहते.