२१ फेब्रुवारी २००५ : कटारा-सोका पडद्यावर

अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ या कार्टून मालिकेची सुरुवात झाली. पाण्याला वळवणारी चौदा वर्षांची कटारा आणि जादू नसलेला, पण डोकेबाज थोरला भाऊ सोका अग्निराष्ट्राच्या जुलमाविरुद्ध उभे राहिले. मालिका अजून शिळी वाटत नाही ती एका प्रसंगामुळे. समुद्रातल्या धातूच्या तुरुंगात कटाराने कैद्यांपुढे तडफदार भाषण ठोकलं. कुणी जागचं हललं नाही. त्यांची विद्या माती-दगडावर चालणारी, आणि तिथे ढेकूळही नव्हतं. नुसत्या भाषणाने क्रांती होत नाही, हे मुलांच्या कार्टूनने दाखवावं! मग भावंडांनी मित्राच्या मदतीने तुरुंगातला कोळसाच झरोक्यातून वर आणला. तरीही मोठी माणसं गप्पच. पहिला तुकडा भिरकावला तो हारू नावाच्या पोराने.