ब्लाइंड विली मॅकटेल: एक गवई, अनेक नावं

उर्दू शायर तखल्लुस घेतो ते आपल्या मर्जीनं, आणि गझलेच्या मक्त्यात ते थाटात गुंफतो. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला एक अंध, काळा गवईसुद्धा अनेक नावांनी गायला, पण त्यामागं पोटाचा हिशोब होता. व्हिक्टर कंपनीच्या तबकडीवर तो ब्लाइंड विली मॅकटेल, कोलंबियाच्या तबकडीवर ब्लाइंड सॅमी, ओकेसाठी जॉर्जिया बिल. 1949 मध्ये अटलांटिक कंपनीकडं गायला तेव्हा बॅरलहाऊस सॅमी. एका कंपनीशी बांधलेलं असताना दुसरीकडं चार डॉलर कमवायचे तर नाव बदलणं भाग होतं.

त्याचा जन्म थॉमसन या गावाजवळचा. साल कुणी 1898 सांगतं, कुणी 1903. गरीब काळ्या घरातल्या मुलाची तारीख नीट लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटली असेल? एका डोळ्यानं जन्मतःच दिसत नव्हतं, दुसऱ्याची नजर बालपण सरेपर्यंत गेली. पण तो शिकला. मेकन शहरातल्या अंधशाळेत गेला, ब्रेल शिकला, संगीतसुद्धा ब्रेलमध्ये वाचू-लिहू लागला. मी मास्तर असल्यामुळं असेल, पण त्याच्या आयुष्यातली ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ब्लूज गाणारे म्हणजे अडाणी, नुसते अंतःप्रेरणेनं गाणारे लोक, असा समज अजूनही आहे. हा माणूस लिपी जाणणारा होता.

त्याचं वाद्य बारा तारांचं गिटार. सहा तारांपेक्षा त्याचा आवाज दणदणीत, म्हणजे रस्त्यावर, बाजारात, गर्दीत ऐकू जाणारा. आणि रस्ता हेच त्याचं सभागृह. जत्रांबरोबर, औषधं विकणाऱ्यांच्या तमाशांबरोबर तो फिरला. तंबाखूच्या लिलावाचा हंगाम आला की शेतकऱ्यांच्या हाती रोकड असायची, मग तो स्टेट्सबरोसारख्या बाजारगावी. कधी कर्ली वीव्हर हा दोस्त सोबत, कधी एकटाच. हे सगळं त्या दक्षिणेत, जिथं काळ्यांचा रेल्वेचा डबा वेगळा आणि पाणी प्यायचा नळही वेगळा. 1934 मध्ये केटशी लग्न झालं. ती पुढं नर्स झाली, आणि याचं भटकणं चालूच राहिलं.

1940 मध्ये लोकगीतं जमवणारे जॉन लोमॅक्स आणि त्यांच्या पत्नी रुबी यांनी अटलांटातल्या आपल्या हॉटेलच्या खोलीत दोनेक तास त्याचं ध्वनिमुद्रण केलं, अमेरिकेच्या संसद ग्रंथालयासाठी. बिदागी 10 डॉलर. त्यात एका ठिकाणी लोमॅक्स विचारतात, गाऱ्हाण्याची, तक्रारीची काही गाणी येतात का? मॅकटेल अवघडतो, विषय टाळतो, नाही म्हणतो. काहींना यात त्याचा भित्रेपणा दिसतो. मला नाही दिसत. वर्गात साहेब येतात, शेजारी मुख्याध्यापक उभे असतात, आणि साहेब विचारतात, “मुलांनो, काही अडचण?” सगळा वर्ग एका सुरात “नाही” म्हणतो. इथं तर समोर गोरा माणूस, यंत्र चालू, आणि खोली अशा हॉटेलातली जिथं त्याला स्वतःला गिऱ्हाईक म्हणून कुणी उतरू दिलं नसतं. तो नकार नीट ऐकला तर गाऱ्हाणं त्यातच सापडतं.

आपल्या वाचकांपैकी कुणी म्हणेल, ब्लूजचा अजानशी संबंध आहे म्हणतात, त्याचं काय? पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्यांत मुसलमान पुष्कळ होते. याच जॉर्जियाच्या किनाऱ्यावरच्या सॅपेलो बेटावर बिलाली मुहम्मद राहत होते. त्यांचं अरबी हस्तलिखित आजही आहे, त्यात वुजू आणि अजानचे मसले आहेत. शेतात काम करताना मारलेल्या लांब, हेलकावणाऱ्या हाकांत सिल्वियान दियूफ यांच्यासारख्या अभ्यासकांना अजानचा आणि तिलावतीचा धागा ऐकू येतो. ऐकताना मलाही तसं वाटतं. पण म्हणून मॅकटेलला ओढून आपल्या पंगतीत बसवू नये. तो चर्चची गाणी गाणारा माणूस होता, आणि शेवटच्या वर्षांत अटलांटाच्या एका बाप्टिस्ट चर्चमध्ये प्रवचनंही देत होता.

त्याची एकही तबकडी फार खपली नाही. ‘स्टेट्सबरो ब्लूज’ 1928 चं. ऑलमन ब्रदर्सनी ते 1971 मध्ये गाजवलं, तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षं होत आली होती. 1956 मध्ये अटलांटात तो रस्त्यावर चिल्लर नाण्यांसाठी गात होता. तिथल्या तबकड्यांच्या एका दुकानदारानं त्याला दुकानात नेऊन दारू पाजली आणि गाणी टेप करून घेतली. ती बाजारात आली त्याच्या मृत्यूनंतर. 19 ऑगस्ट 1959 रोजी मिलेजव्हिलच्या सरकारी इस्पितळात तो वारला.

बॉब डिलननं त्याच्या नावाचं गाणं 1983 मध्ये केलं, ते बाहेर आलं 1991 मध्ये. थॉमसनजवळच्या त्याच्या कबरीवरचा दगड एका चाहत्यानं पदरचे पैसे घालून बसवला.  तिथं कोरलंय, विली सॅम्युअल मॅकटियर.