साहेबाची शिकार, शेतकऱ्याचा अर्ज

आमच्या देऊळगाव राजाच्या शिवारात नीलगाईला कुणी नीलगाय म्हणत नाही. तिचं नाव रोही. नावात गाय नसल्यामुळे तिच्याबद्दल बोलताना भीडही नसते. "रात्री रोह्यांनी हरभरा साफ केला" हे वाक्य हिवाळ्यात चहाच्या टपरीवर हमखास कानावर पडतं. जागलीला जायचं, बॅटरी फिरवायची, डबे बडवायचे आणि तरीही सकाळी मोडलेली तूर बघायची. मग एखादा तरणा पोरगा विचारतोच, "यांना मारायची परवानगी नाही का मिळत?"

मिळते. पण ही परवानगी एका जुन्या, श्रीमंत खेळातून उरलेली आहे. ती कशी उरली, ते पाहण्यासारखं आहे.

आपण १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा 'शिकारबंदीचा कायदा' म्हणून ओळखतो. मूळ कायदा मात्र तसा नव्हता. त्यात शिकारीचे परवाने होते. 'स्पेशल गेम', 'बिग गेम' आणि 'स्मॉल गेम' अशी त्यांची वर्गवारी होती. तिसऱ्या परिशिष्टाचं नावच 'बिग गेम' होतं आणि चितळ, सांबरासोबत आपला रोहीही त्यातच होता. वाघाच्या शिकारीवर १९७०मध्येच बंदी आली होती, पण रोह्यासाठी रीतसर परवाना मागण्याची सोय कायद्यात पुढेही राहिली. १९९१च्या दुरुस्तीनं ती काढून टाकली.

ही वर्गवारी आली इंग्रजी अमदानीतून. १८७८ या एकाच वर्षी इंग्रजांनी दोन कायदे केले, एक शस्त्रांचा आणि एक जंगलांचा. पहिल्यानं बंदूक परवान्याखाली आणली, तर दुसऱ्यानं राखीव जंगलातली शिकार सरकारी नियमांखाली. वऱ्हाड १८५३पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होतं आणि १९०३मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं. त्या मुलखातल्या जंगलांचे 'शूटिंग ब्लॉक' पाडलेले असत. वन खात्याकडून परवाना घ्यायचा आणि त्यात लिहिली असतील तेवढीच जनावरं मारायची. नियम नीटनेटके होते, पण साहेब, फौजी अधिकारी, संस्थानिक आणि त्यांचे पाहुणे यांच्यासाठी. जंगलाकाठच्या माणसाच्या वाट्याला हाका घालण्याचं काम यायचं.

स्वातंत्र्यानंतर ब्लॉक राहिले, गिऱ्हाईक बदललं. नागपुरात विद्याचरण शुक्ल यांची 'ॲल्विन कूपर' ही कंपनी होती. पुढे केंद्रीय मंत्री झाले, तेच हे शुक्ल. परदेशी शिकाऱ्यांना मध्य भारताच्या जंगलात नेणं हा त्या कंपनीचा धंदा होता. शिकारी वाघाचं कातडं घेऊन मायदेशी परतत.

या सगळ्या हिशेबात एक माणूस कुठेच बसला नाही. तो म्हणजे फासेपारधी. पिढ्यान्‌पिढ्या त्याचं पोट फाशांवर चालत आलेलं. साहेबाच्या नियमांत बंदुकीनं मारणं हा खेळ होता आणि फास लावणं हा हलकटपणा. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यातून आलेला शिक्का पारध्यांच्याही कपाळी बसला. १९५२मध्ये तो कायदा गेला, लोकांच्या नजरेतला शिक्का गेला नाही. सरकारी मराठीत शिकारीला आजही 'पारध' म्हणतात. शब्द पारध्याचा, परवाना दुसऱ्याचा.

अमेरिकेत हा खेळ अजून चालतो, आणि तोही उघडपणे. कोलोरॅडोसारख्या राज्यात मोठ्या जनावरांच्या परवान्यांची सोडत निघते. सोडतीतून उरलेले परवाने नंतर विकायला काढतात. ज्याचा नंबर लागला नाही किंवा जो या खेळात नवखा आहे, तो त्यातला एखादा घेतो. परवान्यांच्या पैशावर तिथलं वन्यजीव खातं चालतं. ती पद्धत आवडो न आवडो, शिकार करायची हौस असलेला माणूसच तिथे रांगेत उभा असतो.

आपल्याकडे उरलेला परवाना नको असलेल्या माणसाच्या हातात आला आहे. कायद्याच्या अकराव्या कलमात उभ्या पिकाची नासाडी करणारं जनावर मारण्याची लेखी परवानगी देण्याची तरतूद आहे. २०१५च्या शासन निर्णयानं महाराष्ट्रात रोही आणि रानडुकरासाठी ही वाट जवळ आणली. शेतकऱ्यानं आरएफओकडे, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. ठीक. पण मारणार कोण? बहुतेकांकडे बंदूक नाही. १९५९च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी म्हणून जी बंदूक सांगितली आहे, ती ठासणीची. दारू ठासा, छर्रे भरा, मग नेम धरा. तोवर रोही धुरा ओलांडून पलीकडच्या वावरात गेलेला असतो. आणि नेम लागलाच, तरी मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता. साहेबाला शिंगं मिळत होती, शेतकऱ्याला पंचनामा मिळतो.

बिहारनं दुसरी वाट धरली. तिथे केंद्रानं ठरावीक मुदतीसाठी नीलगाईला उपद्रवी जाहीर केलं आणि २०१६मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आणलेल्या नेमबाजानं काही दिवसांत दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या. देशभर गदारोळ झाला. केंद्रातले दोन मंत्रीच त्यावरून जाहीरपणे एकमेकांविरुद्ध बोलले.

आमच्या तालुक्यात शेडनेटमध्ये भाजीपाल्याचं बियाणं पिकवणारे पुष्कळ आहेत. त्यांचं पीक जाळीआड असतं. ज्याला परवडतं, तो झटका मशीन लावतो. उरतो उघड्या रानातला कोरडवाहू हरभरेवाला. रोही मरावा असं त्यालाही वाटत नाही. त्याला रात्रीची झोप हवी आहे. जनावर सगळ्या देशाचं म्हणून राखायचं, तर त्याच्या चाऱ्याचा खर्चही सगळ्या देशानं उचलायला हवा. कुंपणाला पैसे हवेत, भरपाई वेळेवर हवी. ते करण्याऐवजी आपण शेतकऱ्याला शिकारीचा अर्ज देतो. साहेबाच्या खेळातला हा उरलेला कागद हातात घेऊन तो आज रात्रीही जागलीलाच जाणार आहे.