'शेजारी' आणि 'पडोसी' : पाठभेदाचा प्रश्न

प्रभात फिल्म कंपनीच्या 'शेजारी–पडोसी' (१९४१) या जोडचित्रपटाविषयी लिहिताना एक विधान वारंवार केले जाते. हिंदूची भूमिका मुसलमान नटाने आणि मुसलमानाची भूमिका हिंदू नटाने केली, व्ही. शांताराम यांच्या या पात्रयोजनेतच ऐक्याचे आशयसूत्र मूर्त झाले, असे हे विधान. ते 'पडोसी'विषयी खरे आहे, 'शेजारी'विषयी नाही. हिंदी चित्रपटात ठाकूर झाले मझहर खान आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. मराठीत मिर्झा जागीरदारच आहेत. परंतु त्यांच्यासमोर बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले पाटील केशवराव दाते आहेत. म्हणजे ज्या अदलाबदलीवर समीक्षेने एवढा भार टाकला, ती मराठी संहितेत मुळी घडतच नाही.

हा प्रमाद केवळ तपशिलाचा मानून सोडून देता येत नाही. त्यामागे एक गृहीतक आहे : चित्रपट एकच, भाषा तेवढ्या दोन. बोलपटाच्या आरंभकाळातील निर्मितिप्रक्रिया पाहिली की हे गृहीतक टिकत नाही. 'अयोध्येचा राजा' (१९३२) पासून 'प्रभात'ने मराठीबरोबर हिंदी आवृत्ती काढण्याची प्रथा पाडली. एका भाषेतले चित्रण दुसऱ्या भाषेचा आवाज चढवून खपवले जात नसे. त्याच नेपथ्यात प्रसंग पुन्हा उभा केला जाई, नट पुन्हा बोलत, क्वचित नटच बदलत. मराठी भाषकांची बाजारपेठ मर्यादित होती, हे त्याचे साधे आर्थिक कारण. पाश्चात्त्य देशांतही हे घडत होते. युनिव्हर्सलचा स्पॅनिश 'ड्रॅक्युला' (१९३१) इंग्रजी चित्रपटाच्याच नेपथ्यात, पण रात्रीच्या पाळीत आणि वेगळ्या नटसंचात चित्रित झाला. तेथे ही पद्धत काही वर्षांतच मागे पडली. पुण्यात ती चाळिशीच्या दशकात शिरली.

अशा द्विविध संहितांचा विचार करण्याची शिस्त मराठी अभ्यासकाला परकी नाही. महाभारताची चिकित्सक आवृत्ती (१९१९–१९६६) सिद्ध करताना वि. सी. सुखटणकरांनी उत्तरेची आणि दक्षिणेची पाठपरंपरा एकमेकींत मिसळू न देण्याचा दंडक पाळला. (ते काम जेथे झाले ती भांडारकर संस्था आणि चित्रपटांचे राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात एकाच रस्त्यावर आहेत; दोन्हींकडे जाणारे अभ्यासक मात्र सहसा वेगळे असतात.) अर्थात हे साम्य एका मर्यादेपर्यंतच ताणावे. पाठचिकित्सक हस्तलिखितांच्या मागे असलेल्या एका पूर्वसंहितेचा शोध घेतो. 'शेजारी' आणि 'पडोसी' यांच्या मागे तशी चित्रपटरूप पूर्वसंहिता नाही; मागे आहे ती विश्राम बेडेकरांची कथा. दोन्ही आविष्कार मूळच आहेत.

मग भेदाचा अर्थ लावणे भाग पडते. मुस्लिम लीगच्या मार्च १९४०च्या लाहोर ठरावानंतर वर्षभराच्या आतबाहेर पडद्यावर आलेल्या 'पडोसी'त प्रेक्षक कथेबरोबर नटांची नावेही वाचतो. मझहर खानांनी ठाकूर होणे ही कथेबाहेरची, पण कथेइतकीच बोलकी कृती ठरते. 'शेजारी'ला हे साधन उपलब्ध नाही. तेथे ऐक्याचा आधार भाषा आणि गावगाडा हा आहे. 'पाटील' ही केवळ प्रतिष्ठा नव्हे, ते गावाच्या व्यवस्थेतले एक स्थान आहे, आणि मराठी बोलणारा मिर्झा त्याच व्यवस्थेचा घटक आहे. म्हणून धरणासाठी गावात फूट पाडली जाते तेव्हा मराठी संहितेत दोन धर्मांपेक्षा एक गाव तुटल्याचे दुःख अधिक जाणवते. 'ठाकूर' या शब्दाला हे वजन पेलत नाही. दोहोंत श्रेष्ठ कोणती, हा वाद निष्फळ आहे; पण एकीच्या गुणांवर दुसरीची थोरवी सिद्ध करणे ही समीक्षा नव्हे.

नट बदलले नाहीत तेथे भेद अधिक सूक्ष्म होतो. 'कुंकू' आणि 'दुनिया न माने' (१९३७) या दोहोंत शांता आपटे आणि केशवराव दातेच आहेत. नायिका मराठीत नीरा, हिंदीत निर्मला. शीर्षके मात्र दोन दिशांना जातात. मराठी शीर्षक एका चिन्हावर बोट ठेवते, आणि ज्या समाजात ते चिन्ह रोज उमटते व पुसले जाते त्याला आणखी काही सांगावे लागत नाही. हिंदी शीर्षक चिन्ह सोडून जगाच्या नकाराकडे वळते. चित्रपट ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर आधारलेला आहे. मूळ मराठी कादंबरीच्या नावाशी जवळीक राखली ती हिंदी चित्रपटाने. मराठी चित्रपट त्या नावापासून दूर गेला.